अधिकार कीं आंकडा?

एखाद्या मताला पुष्कळ लोकांचा पाठिंबा मिळाला म्हणजे तें तपासून पाहण्याचें कारण उरत नाहीं, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. आणि खेळासारख्या हलक्या मानल्या गेलेल्या विषयांत तर ती फारच दृढ असते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाचा जो कल्पित पराक्रमांचा खेळ आज देशोदेशीं खेळला जातो, त्यासंबंधीं असेंच एक मत रूढ झालें आहे. तें असें कीं, या खेळांतील पात्र दहाव्या-बाराव्या पायरीवर पोहोंचलें म्हणजे खेळाची गोडी संपते. पुढच्या पायऱ्या पुस्तकांत छापलेल्या आहेत खऱ्या, पण त्या चढण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां शहाण्यानें तेथेंच कथा आवरावी आणि नवें पात्र घेऊन पहिल्या पायरीपासून पुनः आरंभ करावा. हें मत चुकीचें आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या चुकीमुळें हा खेळ वरच्या पायऱ्यांवर खरोखरच निःसत्त्व झाला, तीच चूक या मताच्या पोटांत दडलेली आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत खेळाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, हा खेळ मुख्यतः बोलण्याचा आहे. चार-पांच माणसें एका टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो. खेळणारे त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राच्या भूमिकेंत शिरून आपलें पात्र काय करतें तें सांगतात. आणि ज्या कृत्याचा निकाल अनिश्चित, त्याचा निर्णय वीस पैलूंच्या फांशानें लागतो. यशाबद्दल पात्राला 'अनुभवा'चे गुण मिळतात आणि त्यांची बेरीज ठराविक आंकड्यास पोहोंचली म्हणजे तें पात्र एक 'लेव्हल' वर चढतें. या 'लेव्हल'लाच मी पायरी म्हणतों. अशा रीतीनें महिनोन्महिने, क्वचित् वर्षानुवर्षें, एक कथा सर्वांनीं मिळून रचिली जाते. कथेच्या नायकाची वाढ कशांत मानावी हा प्रश्न महाकाव्यांइतका जुना आहे. आणि येथें तर त्याचें उत्तर नियमांच्या पुस्तकांत कोष्टकें घालून छापलेलें असतें. वाङ्मयाच्या अभ्यासकानें पाठ फिरवावी असें यांत कांहीं नाहीं.

माझ्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थी दर शनिवारीं हा खेळ खेळतात व मलाहि आपल्या बैठकींत बसूं देतात. दोन वर्षें चाललेली त्यांची एक कथा अकराव्या पायरीवर येऊन एकाएकीं बंद पडली. कारण विचारतां एकजण म्हणाला, "सर, आतां करण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं." त्यांच्यांतील धर्मोपदेशक मेलेल्या माणसाला उठवूं शकत होता, मांत्रिक क्षणार्धांत एका नगरांतून दुसऱ्या नगरांत जाऊं शकत होता, योद्धा एका दमांत तीन वार करीत होता. खेळाच्या पहिल्याच महिन्यांत त्यांनीं लुटारूंपासून एक गांव वांचविलें होतें. त्या गांवाचें पुढें काय झालें, असें मीं विचारलें. गांवाचें नांवहि कोणाला आठवेना. करण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं ही तक्रार आणि हें विस्मरण, या दोन गोष्टी मला एकमेकींपासून निराळ्या वाटत नाहींत.

वरच्या पायऱ्यांच्या प्रश्नावर आज दोन पक्ष आहेत. पहिला वर सांगितलेला, अर्ध्यावर थांबा म्हणणारा. दुसरा पक्ष म्हणतो कीं, वरच्या पायऱ्या रुक्ष वाटतात याचें कारण त्यांवर मिळणारी शक्ति अपुरी आहे. तेव्हां आणखी मंत्र, आणखी वार, आणखी प्रचंड राक्षस आणि विसाव्या पायरीच्या पलीकडे आणखी पायऱ्या द्याव्या. हे दोन पक्ष परस्परांचे विरोधी दिसतात. पण मूळ गृहीत दोघांचें एकच. पात्राची वाढ म्हणजे त्याच्या सामर्थ्याच्या आंकड्याची वाढ, हें दोघांनाहि मान्य आहे. एकाला तो आंकडा नकोसा होतो, दुसऱ्याला पुरेसा होत नाहीं, इतकाच काय तो भेद.

हें गृहीत खेळाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आलेलें नाहीं, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या लोकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक पायरीला नुसता क्रमांक नव्हता, तर नांव होतें. योद्धा चौथ्या पायरीवर 'हीरो', आठव्या पायरीवर 'सुपरहीरो' आणि नवव्या पायरीवर 'लॉर्ड' होई. महावीरापेक्षां वरचें पद भूपतीचें, हा क्रम पाहण्यासारखा आहे.

१९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथांत हीच कल्पना अधिक स्पष्ट झाली. त्या नियमांप्रमाणें योद्धा नवव्या पायरीपर्यंत प्रत्येक पायरीला दहा पैलूंचा एक फांसा टाकतो आणि जें दान पडेल तितकें त्याचें प्राणबळ वाढतें. नवव्या पायरीनंतर फांसा बंद; पुढें दर पायरीस केवळ ३ अंकांची भर. मांत्रिकाचा फांसा अकराव्या पायरीनंतर थांबतो आणि मग त्याला दर पायरीस १ अंक मिळतो. योद्ध्याला नवव्यापुढील प्रत्येक पायरीसाठीं २,५०,००० अनुभवगुण जमवावे लागतात. म्हणजे देहाची वाढ येथें जवळजवळ संपली. आणि नेमक्या याच नवव्या पायरीवर नियम सांगतात कीं, योद्ध्यानें गढी बांधावी, भोंवतालचा मुलूख राक्षसांपासून मोकळा करावा व मोकळा ठेवावा. मग त्याच्या पदरीं शिपाई येतील, मुलुखांत वस्ती होईल आणि दरमहा दर माणशीं ७ रौप्य नाण्यांचें उत्पन्न त्याला मिळेल. यास योगायोग म्हणा वा योजना म्हणा, तात्पर्य एकच निघतें. जेथें स्वतःची वाढ थांबली तेथें दुसऱ्यांचा भार सुरू झाला. पन्नाशी ओलांडलेल्या कोणाहि गृहस्थाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाहीं.

त्याच ग्रंथांतील 'ड्रुइड' नांवाच्या अरण्यवासी धर्मोपदेशकांची व्यवस्था याहून विलक्षण आहे. त्यांच्या चौदाव्या पायरीवर एकच 'ग्रेट ड्रुइड' असतो. गुण कितीहि जमले तरी ती पायरी रिकामी असल्याखेरीज किंवा तिच्यावर बसलेल्या पुरुषाला द्वंद्वांत जिंकल्याखेरीज मिळत नाहीं. आणि हरणारा एक पायरी खालीं येतो. म्हणजे वरची पायरी ही कोष्टकांतील ओळ नसून समाजांतील एक जागा आहे, तिच्यावर आज कोणीतरी बसलेला आहे, आणि आपण चढलों तर कोणीतरी उतरणार आहे. पुढें १९८४ सालीं या खेळाच्या दुसऱ्या शाखेंत पंधराव्या ते पंचविसाव्या पायऱ्यांसाठीं 'कम्पॅनिअन' नांवाचा संच निघाला. त्यांत राज्य चालविण्याचे नियम होते, सैन्यांच्या लढाईचे नियम होते आणि प्रजेचा आपल्या राज्यकर्त्यावर किती विश्वास आहे हें मोजण्याचा एक अंक होता. अंक येथेंहि आहे. परंतु तो नायकाच्या दंडांत नाहीं, त्याच्याविषयीं इतरांच्या मनांत आहे. हा भेद क्षुल्लक नव्हे.

जुन्या व्यवस्थेचे दोष मी लपवूं इच्छीत नाहीं. बाहेर आणलेल्या संपत्तींतील एका सुवर्णनाण्यास एक अनुभवगुण, असा हिशेब तींत होता. त्यामुळें लूट हाच विद्याभ्यास ठरे. एल्फ, ड्वार्फ इत्यादि मानवेतर वंशांच्या पात्रांना बहुतेक पेशांत अमुक पायरीपुढें मज्जाव होता आणि त्याचें समर्थन मला आजवर पटलेलें नाहीं. राज्यकारभाराचे नियमहि कित्येक ठिकाणीं इतके किचकट कीं, राजा होण्यापेक्षां त्याचा चिटणीस होणें म्हणजे काय तें खेळाडूस कळावें. शिवाय १९८५ सालीं छत्तिसाव्या पायरीपर्यंतचा संच आणि १९८६ सालीं अमरत्वाचा संच निघाला. आणि अमर झाल्यावर देखील पात्रापुढें पुनः नवा जिना उभा राहिला. आंकड्याचा मोह त्या काळींहि सुटलेला नव्हता. परंतु दोष अंमलाचे होते; तत्त्व खरें होतें. पुढच्यांनीं दोष काढून तत्त्व ठेवावयाचें, तें त्यांनीं तत्त्वच काढून टाकलें.

१९९७ सालीं मूळ प्रकाशनसंस्था दुसऱ्या मालकांकडे गेली आणि २००० सालीं तिसरी आवृत्ति निघाली. तिच्यांत प्राणबळाचा फांसा नवव्या पायरीवर थांबत नाहीं. विसाव्या पायरीपर्यंत दरवेळीं पडतच राहतो. गढी व मुलूख पेशाच्या नियमांतून गेले. अनुयायी मिळविणें हें एक ऐच्छिक कौशल्य झालें, कीं जें घेतलें काय, न घेतलें काय, सारखेंच. २००२ सालीं विसाव्या पायरीच्या पलीकडचा ग्रंथ आला व त्यांत पायऱ्यांना शेवटच ठेवला नाहीं. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत तीस पायऱ्या होत्या. पात्राच्या पायरीचा निम्मा आंकडा त्याच्या हल्ल्यांत व बचावांत मिळवावयाचा, आणि समोरचा राक्षसहि त्याच मानानें वाढलेला असावयाचा. मग पहिल्या पायरीवर जें दान पडल्यानें वार लागे, साधारण तेंच दान पंचविसाव्या पायरीवरहि लागतें. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, त्यांतला प्रकार! एका बाबतींत मात्र त्या आवृत्तीला श्रेय दिलें पाहिजे: एकविसाव्या पायरीपासून पात्रानें आपलें अंतिम भवितव्य निवडावें आणि या जगांतून आपण कसे जाणार हें ठरवावें, अशी तींत योजना होती. नायकाची कथा संपली पाहिजे इतकें तरी तिला कळलें होतें.

२०१४ च्या पांचव्या आवृत्तींत पुनः वीस पायऱ्या आहेत. दुसरी पायरी ३०० गुणांस मिळते, विसावी ३,५५,००० गुणांस. तिचीं पुस्तकें या पायऱ्यांचे चार गट पाडून सांगतात कीं, पहिल्या गटांतील पात्रें गांवाचें रक्षण करतात, पुढच्या दोन गटांतील राज्यांचें, आणि सतराव्या पायरीपुढील पात्रांच्या हातीं जगाचें भवितव्य असतें. वचन मोठें आहे. आतां फळ पाहावें. योद्धा विसाव्या पायरीवर चढला म्हणजे त्याला काय मिळतें? एका दमांत तीन वारांऐवजीं चार वार! लहान गढी बांधण्यास ५०,००० सुवर्णनाणीं व ४०० दिवस लागतात, हें सूत्रधाराच्या ग्रंथांत एका कोष्टकांत दिलेलें आहे. पण त्या गढीच्या आश्रयानें जगणाऱ्या माणसांविषयीं तो ग्रंथ जवळजवळ मूक आहे. २०२४ च्या नव्या ग्रंथांत 'बॅस्टिअन' या नांवानें गढी परत आली, हें मला ठाऊक आहे. आणि आतां तुमच्या तक्रारीला जागा कोठें, असें विरुद्ध पक्ष म्हणेल हेंहि ठाऊक आहे. परंतु ती गढी पांचव्या पायरीवर मिळते. तींत कार्यशाळा आहेत, ग्रंथालय आहे, चाकर व पहारेकरी आहेत. दर सात दिवसांनीं तिच्याकडून कांहीं वस्तु किंवा लाभ पदरांत पडतो. शेजाऱ्याची मदतीची हांक येते ती घटनांच्या कोष्टकांतून, आणि तिचा निकाल पहारेकरी पाठवून व फांसे टाकून लागतो. भिंती परत आल्या. त्यांच्याशीं गाऱ्हाणें घेऊन येणारी प्रजा परत आली नाहीं.

येथें आपल्या भाषेंतील दोन शब्दांकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. परीक्षेंत मिळतात त्यांसहि आपण गुण म्हणतों, आणि माणसाच्या अंगीं असतात त्यांसहि गुणच म्हणतों. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला या दोन गुणांतील अंतर चांगलें परिचयाचें आहे. दुसरा शब्द अधिकार. या शब्दांत सत्ता व पात्रता या दोन्ही कल्पना एकत्र नांदतात. ज्याला अधिकार आहे तो हुकूम करूं शकतो, आणि ज्याचा अधिकार आहे तोच त्या विषयावर बोलूं शकतो. जुन्या नियमांत वरची पायरी म्हणजे अधिकार होता: गुण जमवून तेथें पोहोंचावयाचें, पण पोहोंचल्यावर परीक्षा दुसऱ्याच गोष्टीची. नव्या नियमांत वरची पायरी म्हणजे आणखी गुण. ज्या परीक्षेचें बक्षीस पुढची तशीच परीक्षा, तिचा कंटाळा येणें हें बुद्धीचें लक्षण आहे, आळसाचें नव्हे. माझ्या विद्यार्थ्यांना कंटाळा आला तो योग्यच आला. त्यावर त्यांनीं केलेला उपाय मात्र मला मान्य नाहीं.

आतां पहिल्या पक्षाचा मुख्य आक्षेप घेऊं. ते म्हणतात कीं, वरच्या पायऱ्यांवर मंत्रांचें बळ इतकें वाढतें कीं प्रसंगांत संशयच उरत नाहीं. कड्यावरून पडण्याची भीति उडणाऱ्याला कोठली? मृत्यूची भीति मेलेल्यास उठविणाऱ्याच्या सोबत्यांना कोठली? सतराव्या पायरीवर तर मांत्रिकाला इच्छा बोलून दाखवितांच ती पुरी करणारा मंत्र मिळतो. मग सूत्रधारानें कथा रचावी कशाची?

हा आक्षेप वजनदार दिसतो. पण त्यानें सिद्ध होतें तें इतकेंच कीं, 'याच्यानें हें होईल कां?' हा प्रश्न वरच्या पायरीवर संपतो. 'यानें हें करावें कां?' हा प्रश्न तेथेंच सुरू होतो. पांचव्या आवृत्तीचाच नियम घ्या. मृतास उठविण्याच्या साध्या मंत्राला निदान ५०० सुवर्णनाण्यांच्या किंमतीचा एक हिरा लागतो. तो हिरा मंत्राबरोबर नाहींसा होतो. आणि मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ लोटलेला चालत नाहीं. हा नियम छापतांना छापणारांच्या डोळ्यांपुढें केवळ खर्चाचा हिशेब असावा. पण कल्पना करा कीं, एका नदीकांठच्या गांवीं पूर आला, साठ माणसें बुडालीं आणि धर्मोपदेशकाच्या पिशवींत तीन हिरे आहेत. गांवच्या चावडीपुढें साठ घरचीं माणसें उभीं आहेत. दहा दिवस हळूहळू सरत आहेत. कोणाला उठवावें? मुलाला, कीं ज्याच्यावर सात माणसें पोसलीं जात होतीं त्या नावाड्याला? हिरे आणखी मिळतात, पण ते शेजारच्या राजाच्या खजिन्यांत, आणि तो राजा निरपराधी आहे. पहिल्या पायरीवरचें पात्र या प्रसंगीं फक्त रडूं शकतें. त्याच्यापुढें प्रश्नच नाहीं. प्रश्न ज्याच्या हातीं सामर्थ्य आहे त्याच्यापुढेंच उभा राहतो. सामर्थ्यानें कथा संपते असें म्हणणारांनीं ही कथा पहिल्या पायरीवर रचून दाखवावी.

दुसरा आक्षेप असा कीं, दिवसभराच्या श्रमानें थकलेले लोक चार घटका करमणुकीसाठीं जमतात. त्यांच्या गळ्यांत राज्यकारभाराचें लोढणें बांधणें हा अरसिकपणा आहे. हिशेबाचें लोढणें मलाहि नको. किती पोतीं धान्य व किती नाणीं कर, हें कोष्टक फाडून टाकलें तरी माझी हरकत नाहीं. परंतु करमणूक ती, आणि दुसऱ्या माणसाचा विचार म्हणजे ओझें, ही वांटणी मला कबूल नाहीं. थकलेले लोक नाटकाला जातात तेव्हां नायकाला चार वार करतांना पाहण्यासाठींच जातात काय? ज्या प्रसंगीं त्याला दोन माणसांना दिलेले दोन शब्द पाळतां येत नाहींत, तो प्रसंग ते घरीं नेतात. आणि शेवटीं अनुभवाचीच साक्ष काढावयाची तर करमणुकीचे हे कैवारी स्वतःच दहाव्या पायरीवर खेळ सोडून जातात. ज्या करमणुकीचा करमणुकीसाठीं आलेल्यांनाच वीट येतो, तिचें समर्थन करमणुकीच्या नांवानें तरी होऊं नये.

मग करावें काय? नवे नियम छापून येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सूत्रधाराला हें आजहि करतां येईल. पात्र नवव्या-दहाव्या पायरीच्या सुमारास आलें म्हणजे त्याच्या स्वाधीन कांहीं माणसें करावीं: गांव, मठ, नौका, पाठशाळा, जें त्याच्या पूर्वकथेंत बसेल तें. त्यापुढें पायरी गुणांच्या बेरजेनें न देतां, त्या माणसांविषयीं घेतलेल्या एखाद्या कठीण निर्णयानंतर द्यावी. पांचव्या आवृत्तींत कथेच्या टप्प्यांवर पायरी देण्याची मुभा आहेच, तिचा असा उपयोग करावा. ज्यांचा शत्रुत्वाचा पक्षहि न्याय्य आहे असे शत्रु पुढें आणावे, कारण केवळ दुष्ट राक्षसाला मारण्यास वीस पायऱ्यांचें सामर्थ्य लागत असेल, पण वीस पायऱ्यांचें शहाणपण लागत नाहीं. आणि कथेचा शेवट सर्वांनीं आधींच मान्य करावा, म्हणजे पात्राला आपल्या मागें कोण उभा राहणार याची चिंता करण्यास अवसर मिळेल. जुन्या 'ग्रेट ड्रुइड'ला ती चिंता होती. आजच्या विसाव्या पायरीच्या वीराला ती कधींच पडत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यांना मीं इतकें मोठें व्याख्यान दिलें नाहीं. जुन्या वह्या चाळून त्या गांवाचें नांव शोधून काढा, एवढेंच सुचविलें. नांव सांपडलें, वहींत त्याखालीं गांवच्या पाटलिणीचें एक वाक्यहि टिपलेलें होतें. पुढच्या पावसाळ्याआधीं नदीचा बांध दुरुस्त करून द्या, अशी तिनें त्यांना विनंति केली होती, आणि या वीरांनीं होय म्हटलें होतें. कथेच्या काळाप्रमाणें त्याला चार पावसाळे उलटून गेले होते. गेल्या दोन महिन्यांपासून त्यांची बैठक पुनः सुरू झाली आहे. त्यांची पायरी अद्याप अकरावीच आहे.

वरच्या पायऱ्या निरुपयोगी आहेत असें ज्यांचें अजूनहि मत असेल, त्यांनीं आपल्या पक्षाचें समर्थन अवश्य करावें. मात्र तत्पूर्वीं आपापल्या वह्या उघडून, पहिल्या पायरीवर आपण कोणाकोणाला काय कबूल केलें होतें, तेवढें एकदां वाचून यावें.